गादीखालचा गणिताचा पेपर आणि स्तोत्र १३९

सोलापुरातल्या एका आईने विचारलं आहे: मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, पाठांतराचं पहिलं बक्षीस सलग दोन वर्षं त्याचंच. पण मागच्या महिन्यात गणिताचा पेपर त्याने गादीखाली लपवला, त्यावर आईची सही स्वतःच ठोकली आणि विचारल्यावर सरळ ‘मी नाही’ म्हणाला. धाकट्या बहिणीला मारतो. ‘देव बघतोय’ म्हणून सांगितलं तरी आता भीत नाही. त्याला स्वतःची ओळख व्हावी, शील घडावं, यासाठी ख्रिस्ती घरात काय शिकवायचं?

ताई, सहीचं ऐकून मला धक्का बसला नाही. मी प्राथमिक शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं आणि शब्बाथ शाळा अजून घेते. पेपर लपवणारी मुलं सोमवार ते शनिवार पाहिली आणि तीच मुलं रविवारी पुढच्या बाकावर बसून घडाघडा वचनं म्हणताना पाहिली. मला टोचलं ते तुमचं शेवटचं वाक्य, ‘देव बघतोय म्हटलं तरी भीत नाही.’ तो भीत नाही असं नाही हो. तो भितो म्हणून तर खोटं बोलतो. तुम्ही देवाला घरात पोलीस म्हणून आणलंत, आणि पोलीस दिसल्यावर कोणीही पहिलं काय करतं? लपतं.

एका मे महिन्यात सुट्टीतल्या बायबल वर्गात मी १३९वं स्तोत्र घेतलं होतं. त्याच्या शेवटी प्रार्थना आहे, ‘हे देवा, माझी झडती घे, माझे हृदय जाण.’ बाहेर बेचाळीस अंश, आत पंखा नुसताच आवाज करणारा. मुलांना विचारलं, झडती म्हणजे काय? एक म्हणाला, पोलीस घेतात ती. दुसरा म्हणाला, आमच्या वर्गात दप्तराची घेतात, मोबाइल आणला का बघायला. मागून एक सहा-सात वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आमची आई घेती की. डोक्याची. फणीनं.’ सगळा वर्ग हसला. मी विचारलं, दुखतं का गं? ‘लई. पळालं तर परत धरून बसवती.’

त्या दिवशी मी तयार करून नेलेला पाठ बाजूला ठेवला. उवा काढणारी आई पोरीला दोषी धरत नाही. ‘तुझ्या डोक्यात उवा कशा झाल्या, सांग’ म्हणून उलटतपासणी घेत नाही. पोरगी तिच्या मांडीत बसलेली असते, उजेडाकडे तोंड करून, आणि आई एक एक बट बाजूला करत बघते. दुखतं, पण जिच्यापाशी दुखतं तिच्याच मांडीवर डोकं असतं. स्तोत्र लिहिणाऱ्याने ‘झडती घे’ म्हणायच्या आधी बावीस वचनांभर काय सांगितलं आहे ते घरी उघडून बघा. तू मला आईच्या उदरात घडवलंस, मी कुठेही गेलो तरी तुझा हात मला धरील. आधी मांडी, मग फणी. आपण ख्रिस्ती आईबाप नेमकं उलटं करतो. आधी फणी ओढतो आणि मुलगा नीट वागला तर मग मांडीवर घेतो.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार. ‘तू कसा आहेस’ हे मुलाला खरंखुरं बघता यायला हवं असेल, तर ‘तू कोणाचा आहेस’ हे त्याला आधी पक्कं माहीत असायला लागतं. येशूचा बाप्तिस्मा आठवा. आकाशवाणी झाली की हा माझा परमप्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मार्काच्या शुभवर्तमानात येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. प्रगतिपुस्तक कोरं असताना मिळालेली ती पावती आहे.

आता सहीकडे येते. तुमच्या मुलाने स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्याचं नाव लिहिलं. शास्त्रात याची एक जुनी गोष्ट आहे आणि ती त्याच्या वयाला चपखल बसते. आंधळ्या बापाने, इसहाकाने, विचारलं, तू कोण? याकोब हाताला करडांचं कातडं गुंडाळून उभा होता. म्हणाला, मी एसाव, म्हणजे त्याचा केसाळ थोरला भाऊ. आशीर्वाद मिळाला, पण त्याच रात्री नाही तरी लवकरच घर सोडून पळावं लागलं. वीस वर्षं मामाकडे राबला, तिथे त्याचीच फसवणूक झाली. परत येताना यब्बोक नदीच्या उताराशी एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झोंबी झाली आणि पुन्हा तोच प्रश्न आला, तुझं नाव काय? या वेळी तो म्हणाला, याकोब. म्हणजे टाच धरणारा, दुसऱ्याची जागा बळकावणारा. स्वतःचं खरं नाव त्याने तोंडाने उच्चारलं आणि त्यानंतर त्याला नवीन नाव मिळालं. मी ही गोष्ट मुलांकडून करून घेते. कातड्याऐवजी घोंगडी वापरतो. टोचते, मुलं खाजवत बसतात, आणि ते बरंच आहे, कारण दुसऱ्याचं सोंग अंगाला टोचतं हे वेगळं सांगावं लागत नाही. गोष्ट संपल्यावर मी तात्पर्य विचारत नाही. इतकंच विचारते: तुम्ही कधी दुसऱ्याच्या नावाने उत्तर दिलंय? काही वेळ कोणी बोलत नाही, मग एखादा हात हळूच वर येतो.

घरी काय करायचं? ‘ही सही कोणी केली?’ हा प्रश्न टाकून द्या. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही ठाऊक नसल्याचं सोंग करताय, आणि पोराला ते कळतं. तो सापळा आहे. सापळ्यात अडकलेला जीव खोटं बोलणारच. कोणी म्हणेल, बागेत देवानेही आदामाला ‘तू कोठे आहेस?’ असं विचारलंच की, त्याला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण तो प्रश्न झाडामागून बाहेर यायला दिलेली हाक होती. आणि पुढे बघा, अंजिराच्या पानांचं फाटकं झाकण बघून देवाने त्यांना चामड्याची वस्त्रं करून घातली. बागेबाहेर जावंच लागलं, परिणाम टळला नाही, पण उघडं पाडून हाकललं नाही. हे दोन्ही सांभाळायला लागतं. ‘सही तू केलीस हे मला माहीत आहे. मार्कांवरून मी ओरडणार नाही. सही करताना तुला कसं वाटत होतं ते सांग.’ त्याने सांगितलं तर ऐका, मधे बोलू नका. मग दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शाळेत जा आणि त्याला स्वतःच्या तोंडाने बाईंना सांगू द्या. वर्गासमोर नाही. एकट्यात, तुम्ही शेजारी उभ्या असताना.

वर्गासमोर नाही, हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी शब्बाथ शाळेच्या अर्पणाच्या थैलीतले पैसे कमी भरले. त्या दिवशी थैली फिरवली होती एका दहा वर्षांच्या मुलाने. त्याची आई विड्या वळायची, वडील नव्हते. मी सगळ्यांसमोर त्याला खिसे उलटे करायला लावले. खिशात एक गोटी आणि शेंगांची टरफलं. संध्याकाळी घरी पर्स झटकली तर पैसे माझ्याच पर्सच्या अस्तरात. पुढच्या रविवारी मी त्याला बाजूला घेऊन ‘चुकलं माझं’ म्हणाले, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली की बघा, बाई असून मुलाची माफी मागितली. तो मान हलवून गेला आणि पुन्हा आला नाही. चार महिन्यांनी त्याच्या घरी गेले. त्याची आई सुपात पानं-तंबाखू घेऊन बसली होती, हात थांबवला नाही. म्हणाली, ‘बाई, चोर म्हटलात सगळ्यांपुढं आणि माफी कोपऱ्यात?’ पुढच्या रविवारी मी वर्गासमोर उभी राहून झालेलं सगळं सांगितलं. तो त्यानंतरही आला नाही, लगेच तरी नाही. पण त्या वर्षी माझ्या वर्गातली मुलं आपणहून चुका सांगायला लागली, आणि त्याचं कारण माझे पाठ नव्हते, हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून तुम्हा दोघांना विचारते, रागावू नका. तुमच्या मुलाने तुम्हाला किंवा त्याच्या वडिलांना ‘माझं चुकलं’ म्हणताना शेवटचं कधी ऐकलं? देवाकडे प्रार्थनेत नव्हे, एकमेकांना. ‘डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ’ आपण मुलांना शिकवतो, पण ते वचन सांगितलं होतं मोठ्यांना. पौलाने इफिसकरांना लिहिलं तेही बापांना आहे: मुलांना चिरडीस आणू नका.

बहिणीला मारण्याबद्दल. आपल्या मुलांपाशी भावनांना दोनच शब्द उरलेत, ‘राग आला’ आणि ‘बोअर झालं’. मराठीत केवढी श्रीमंती आहे बघा: हेवा, रुसवा, धास्ती, खंत, चडफड, ओशाळणं, हिरमोड, जीव कासावीस होणं. हेवा वाटतोय आणि मुलाकडे शब्द फक्त ‘राग’ आहे, तर तो रागाचंच काम करणार, म्हणजे मारणार. काइनाच्या गोष्टीत लोक खून लक्षात ठेवतात. मला त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. धाकट्या भावाचं, हाबेलाचं, अर्पण मान्य झालं, काइनाचं नाही, त्याचं तोंड उतरलं. आणि देव खून होण्याआधी त्याच्याशी बोलायला येतो. तू का संतापलास? तुझं तोंड का उतरलं? पाप दाराशी टपून आहे, तू त्याला आवर. म्हणजे भावना आली हा गुन्हा नाही, दार अजून बंद आहे. मुलाचं तोंड उतरलेलं दिसलं की तेव्हाच शेजारी बसा. हात उठल्यावर उशीर झालेला असतो. ‘तिला नवीन फ्रॉक आणला तेव्हा तुझा हिरमोड झाला का?’ असं तुम्ही शब्द पुरवा. चुकीचा असला तर तोच दुरुस्त करेल. माझा अनुभव असा की बरोबर शब्द सापडला की निम्मी मारामारी तिथेच थांबते. निम्मीच, सगळी नाही.

रोजच्या रोज काही करावं का, तर हो, एकच गोष्ट, पाच मिनिटांची. सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाने आपल्या अनुयायांना दिवसातून दोनदा मागे वळून बघायची शिस्त लावून दिली होती. आम्ही प्रॉटेस्टंट, पण चांगलं ते घ्यावं. रात्री अंथरुणं घातली की दिवा बारीक करून तिघं-चौघं बसा. आज कशाबद्दल देवाचे उपकार मानावेसे वाटतात? आज कुठे माझं बिनसलं? उद्या कशासाठी मदत मागू? पहिले दोन आठवडे फक्त पहिला प्रश्न घ्या. दुसरा सुरू कराल तेव्हा आधी मोठ्यांनी उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं. ‘आज भाजीवाल्याने पाच रुपये जास्त दिले ते मी परत केले नाहीत’ असलं खरं. मुलगा ‘काही नाही’ म्हणाला तर काही नाही. पुढे जा.

आणि एक नियम मोडू नका. रात्री सांगितलेलं सकाळी वापरायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात हा क्रम छान चालला होता. मग एक दिवस मुलीला रागावताना आई म्हणून गेली, ‘परवा तूच कबूल केलंस ना की तू चिडकी आहेस म्हणून?’ संपलं. ती मुलगी आता कॉलेजात आहे, रात्री अजून ‘आज सगळं ठीक होतं’ एवढंच सांगते.

पाठांतराच्या बक्षिसांबद्दल माझं मत आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही जणांना पटत नाही. पाठांतर हवंच. बक्षीस नको. वचन म्हटलं की पेन्सिलबॉक्स मिळतो हे पोरगं दोन वर्षं शिकलं असेल, तर ते देवळात उभं राहून ‘मी त्या जकातदारासारखा नाही’ म्हणणाऱ्या, स्वतःला धार्मिक समजणाऱ्या परूशाचं छोटं रूप होत चाललंय, आणि टाळ्या आपण वाजवतोय. तुम्ही म्हणाल, मग एवढी वचनं पाठ करून उपयोग काय, वागण्यात तर उतरत नाहीत. आपल्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी बघा. ती रब्बीची. पेरल्यावर वरून पाऊस पडो न पडो, काळ्या जमिनीत आधी मुरलेल्या ओलीवर ती येते. वचनं म्हणजे ती ओल. पाऊस पडला त्या आठवड्यात कणीस मागायचं नाही. ‘सहनशीलता: तीन स्टार’ असे तक्ते फ्रिजवर लावणारी घरं मी बघते. गलतीकरांच्या पत्रात प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी सांगितल्यात आणि त्यांना ‘फळ’ म्हटलंय. फळ झाडाला येतं, दोऱ्याने बांधता येत नाही. तक्त्यामुळे मुलगा सहनशील दिसायला शिकतो, आणि त्याचा त्रास पुढे तुम्हालाच होईल.

नीतिसूत्रांतलं ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे’ हे वचन आपण भिंतीवर टांगतो, पण ‘स्थितीस अनुरूप’ हे दोन शब्द वाचत नाही. चार वर्षांच्या मुलाला ‘तू पापी आहेस’ समजत नाही, त्याला ‘तू वाईट आहेस’ ऐकू येतं. नवव्या वर्षी न्याय-अन्याय फार कळतो, तेव्हा याकोब, जक्कय, उधळ्या पुत्राचा मोठा भाऊ या गोष्टी भिडतात. तेरा-चौदाला मित्र आईबापांपेक्षा मोठे होतात. तेव्हा मी जुन्या काळच्या संत ऑगस्टीनची नाशपातींची चोरी सांगते. सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर त्याने शेजारचं झाड झोडपलं, भूक नव्हती, फळं डुकरांपुढे टाकली. चाळिशी ओलांडल्यावर तो स्वतःला विचारत बसला की का केलं, आणि एक गोष्ट त्याला स्पष्ट दिसली: एकटा असतो तर केलं नसतं. यावर आमच्या मोठ्या मुलांचा एक तास सहज जातो. (नाशपाती सोलापुरात कोण खातो, म्हणून मी बोरं करते.)

स्वतःची ओळख म्हणजे फक्त दोषांची यादी नव्हे; तसं समजणं ही आपल्या मंडळीची जुनी खोड आहे. त्याच स्तोत्रात ‘भयप्रद व अद्भुत रीतीने माझी घडण झाली आहे’ असं आहे. तुमच्या पत्रात मुलाच्या चुका चार आहेत, गुण एकच, तोही बक्षिसाचा. तो कशात रमतो? कोणाला हसवतो? हे तुम्ही लिहिलं नाहीत.

अजून एक गोष्ट, जी आपण घरात बोलत नाही. शाळेत त्याला आज ना उद्या कोणीतरी विचारणार, ‘तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे आधी कोण?’ सोलापूर-नगर भागातल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांतून ख्रिस्ताकडे आले, काही ब्राह्मण घरांतूनही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. मुलाला खरं सांगा, अभिमानाने, लाज न धरता. आणि हेही सांगा की ‘ख्रिस्तात भेद नाही’ म्हणणाऱ्या आपल्यातच लग्न ठरवताना जुने हिशेब निघतात. पोरं बघत असतात. उलट बाजूही आहे: एकदा माझ्या वर्गातला मुलगा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतून आलेल्या मित्राला ‘तुम्ही मूर्तिपूजक’ म्हणून आला आणि शाबासकीच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत होता. मी त्याला चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे तुच्छ मानलेल्या परक्यानेच जखमी वाटसरूला मदत केल्याची, गोष्ट वाचायला दिली आणि विचारलं, यात तुझा मित्र कोण आणि तू कोण? त्याला ते आवडलं नाही. आवडायला नको होतंच.

एका ठिकाणी हे सगळं थांबवायचं. मूल अचानक गप्प झालं, अंथरूण ओलं करायला लागलं, ठरावीक माणसाकडे जायला घाबरायला लागलं, तर तिथे शीलाचे धडे नकोत, ‘क्षमा कर’ तर मुळीच नको. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. लहान मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. ‘मोठ्यांची आज्ञा पाळ’ शिकवताना ‘अंगाला हात लावला तर नाही म्हण, ओरड, मला सांग’ हेही त्याच दमात शिकवा, मग तो मोठा माणूस मंडळीतला का असेना.

तुमच्या मुलाबाबत मला असं काही दिसत नाही. मला दिसतो तो कमी मार्कांना घाबरलेला, बक्षिसांची सवय लागलेला, बहिणीचा हेवा करणारा नऊ वर्षांचा मुलगा. वर्गात असे निम्मे असतात. तो पेपर अजून घरात असेल तर आज रात्री काढा. त्याने केलेली सही खोडू नका, फाडू नका. त्याच्यासमोर तिच्या खाली तुमची खरी सही करा, तारीख घाला, आणि शेजारी त्याला त्याचं स्वतःचं नाव लिहायला सांगा.